शपथेनंतरचा बुधवार

बिरप्पाच्या खांद्यावर आप्पांची घोंगडी पाहिली, तेव्हा भीमाला पहिली काळजी वाटली ती भावाची नव्हे, घोंगडीची. पुढे कित्येक दिवस ही गोष्ट त्याला आठवत राहिली आणि लाजवत राहिली. परंतु बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास, सोलापुरातल्या विजापूर रस्त्यालगतच्या त्या घराच्या उंबऱ्याशी चपला काढताना त्याच्या मनात आले ते हेच. घोंगडी ज्या पेटीत असे तिच्या कुलपाची किल्ली त्याच्या करदोड्याला बांधलेली होती. म्हणजे कुलूप फोडले गेले होते.

वडील, म्हणजे गुरुशांत आप्पा, जाऊन अकरा वर्षे झाली होती. आप्पा हयात होते तोवर दर वर्षी जत्रेत बिरोबा त्यांच्या अंगात येई, आणि ती काळी घोंगडी पांघरून ते पावसापाण्याची, मेंढरांची, येत्या सालाच्या बऱ्यावाइटाची भाकणूक सांगत. त्यांच्यामागे देव ज्याला धरील त्याची ती घोंगडी, असे भावकीने ठरवले. आणि देवाने कोणालाच धरले नाही. या अकरा वर्षांत भीमाने देवाचा एकही रविवार मोडला नव्हता. दर चैत्रात तो कुर्डुवाडीहून येई, घोंगडी उन्हात घाली, कडुलिंबाचा पाला पसरून ती पेटीत ठेवी, आणि आसपास कोणी नसतानाही तिला स्वतःच्या खांद्याला लागू देत नसे. देवाने यावे म्हणून माणसाने जे जे करायचे ते सारे त्याने केले होते. आणि देव आला तो धाकट्या बिरप्पाकडे, जो अठरा वर्षे सकाळच्या चहाआधी देशीचा घोट घेत आला होता. तोही दारू सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी.

"ये भीमा," दाराशी बसलेले माउलीमामा म्हणाले. मामा सांगोल्याकडून स्वतःची पिकअप हाकत आले होते आणि आल्यापासून घराचा कारभार त्यांनीच हाती घेतला होता. "आमी लांबून येऊन पोचलो. तू कुर्डुवाडीचा मानूस, आत्ता येतोस व्हय?"

"गाडीला उशीर झाला, मामा." मग आईकडे वळून तो म्हणाला, "आव्वा, पेटीचं कुलूप?"

म्हाळसाबाईंनी बिरप्पावरची नजर काढली नाही. "तोडलं. तुझ्या किल्लीसाठी थांबायचं का? देव काय रेल्वेच्या टायमानं येतोय?"

भावकीतले पाचसहा जण भिंतीला टेकून बसले होते, ते हसले. भीमाही हसला. रेल्वे कारखान्यातल्या तीस वर्षांच्या नोकरीत त्याने हे हसणे चांगले कमावले होते.

बिरप्पा देव्हाऱ्यापुढे पाटावर बसला होता. कपाळावरच्या भंडाऱ्याला घामाचे ओघळ फुटले होते. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. नुसते कापत नव्हते, तर खांद्यापासून बोटांपर्यंत हादरत होते, आणि बोटांना चिकटलेली हळद त्या हादऱ्याने हवेत उडत होती. कोणी पुढे होऊन पाया पडले की तो दचके. मधूनच घोंगडीवर वाकून चिमटीने काहीतरी वेचून बाजूला टाकी. घोंगडीवर काहीही नव्हते.

भीमा त्या चिमटीकडे पाहत राहिला. ही चिमूट त्याने पूर्वी पाहिली होती.

कारखान्यात त्याच्या शेजारच्या लेथवर मंजुनाथ काम करी. रोजचा पिणारा, पण कामाला चोख. एका वर्षी श्रावण पाळायचा म्हणून त्याने एका दिवसात बाटली बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याचे हात नट धरीनात. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरची नसलेली मुंग्यांची रांग पुसू लागला. भीमा त्याला भेटायला गेला होता. बायकोने घाबरून, शुद्धीत नसलेल्या नवऱ्याच्या तोंडात चमच्याने दारू ओतली. ती पोटात जायच्या ऐवजी छातीत गेली. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दोन झटके येऊन गेले होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले होते, "दारू सोडली ते बरोबर केलं हो त्यानं. पण इतक्या वर्षांचा रोजचा पिणारा एकदम थांबला, आणि औषधाचा आधार नाही. शरीराला ते पेलत नाही."

हे सारे भीमाला ठाऊक होते. वाईट ते हे, की रविवारीही ठाऊक होते.

रविवारी संध्याकाळी याच खोलीत बिरप्पाने भंडारा उचलला. देवापुढची हळद चिमटीत घेऊन कपाळाला लावली की दिलेला शब्द माणसाचा राहत नाही, देवाचा होतो. आव्वाने त्याला पोटाशी धरले. वैजयंती, बिरप्पाची बायको, दाराआड रडली. आणि भीमाला त्याच क्षणी मंजुनाथ आठवला. शब्द जिभेवर आलेही होते. पण तो बोलला नाही. शुभ घटकेला अपशकुन नको, असे एक कारण त्याने स्वतःला दिले. मी बोललो तर जळतो म्हणतील, असे दुसरे दिले. दोन्ही खरी होती. तिसरे कारण या दोहोंच्या तळाशी होते आणि ते त्याने कुर्डुवाडीला परतताना, गाडीच्या खिडकीशी बसून, एकदाच काय ते पाहून घेतले होते: दोन दिवसांत हा शपथ मोडणार, मोडू दे, आव्वाला एकदा दिसू दे. हेवा हा मोठा मितभाषी असतो. तो बोलायला लावतो त्याहून अधिक गप्प बसवतो.

"मामा," भीमा म्हणाला, "ह्याला दवाखान्यात न्यायला पायजे. आत्ताच्या आत्ता."

मामांनी पानाची पिशवी मिटली.

"का?"

"हे देवाचं न्हाय. दारू एकदम तुटल्याचं हाय. आमच्या कारखान्यात मंजुनाथ म्हणून मानूस होता, त्याला असंच झालं. चौथ्या दिवशी गेला."

"तुझ्या मंजुनाथानं भंडारा उचलला हुता?"

"न्हाय."

"मग त्याचं ह्याचं काय जुळतंय?" मामा भावकीकडे वळले. "बिरोबाचं नाव ठेवलेलं पोरगं. बिरोबापुढं दारू सोडली. बिरोबा अंगात आला. ह्यात न जुळण्यासारखं काय हाय, सांगा बरं?"

भीमा वाद सोडणारा माणूस नव्हता. तो मामांच्या समोर मांडी घालून बसला.

"मामा, देव येतो हे मी नाकारत न्हाय. आप्पांच्या अंगात आलेला मी पंचवीस वर्षं पाहिला. देव आला की आप्पा समोरच्या एकेका मानसाला नावानिशी हाक मारायचे. पायलीभर भंडारा उधळला तरी आप्पांचा हात कापायचा न्हाय. ह्याला इचारा, मी कोण हाय."

हे आव्हान मामांना टाळता येईना. ते हात जोडून पुढे सरकले. "देवा, ह्यो कोण बसलाय?"

बिरप्पाने भीमाकडे पाहिले. त्याचे डोळे विस्फारलेले होते आणि नजर भीमावर ठरत नव्हती. "हमाल," तो म्हणाला. "माल उतरवायला आलाय."

मामांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले. "ऐकलंस? देवापुढं समदे हमालच."

पुन्हा हसणे उमटले, आणि या खेपेस ते भीमाला लागले. त्या शब्दाची मात्र त्याने नोंद घेतली, कारण बिरप्पा टेम्पो चालवत असे. चादरी-टॉवेलचे गठ्ठे दुधनीला आणि पुढे नेऊन टाकणे हा त्याचा रोजचा धंदा. तो देवाच्या नव्हे, धंद्याच्या जगात बोलत होता.

"भावजी," दारातून वैजयंती म्हणाली. तिच्या हातात नैवेद्याचे ताट होते. "अठरा वर्षं ह्या घरात माझ्या नवऱ्याला उचलून आणायला लोक आले. पाया पडायला आज पयल्यांदा आलेत. ते बी बघवंना व्हय तुमाला?"

निघताना भीमाची बायको सिद्धेश्वरी हेच म्हणाली होती: तुमी तितं तोंड उघडू नका, खरं बोललात तरी जळकं वाटंल. भीमाने वैजयंतीला उत्तर दिले नाही, कारण ती चूक नव्हती. त्याला बघवत नव्हतेच. आणि तरीही तो सांगत होता ते खरे होते. एकाच तोंडातून हेवा आणि सत्य ही दोन्ही निघू लागली, तर ऐकणाऱ्याने ती निवडायची कशी?

म्हाळसाबाई प्रथमच त्याच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"भीमा, लहानपनी तुला मेंढरं राखायला धाडलं की तू एकबी कोकरू हरवलं न्हाईस. हा रोज एखादं हरवून यायचा. तरी तुझा आप्पा ह्यालाच कडंवर घ्यायचा. तवापासनं तुला सलतंय. मला का कळत न्हाय?"

"कळतंय ना, आव्वा?" भीमा म्हणाला. "मग एक सांग. जो एकबी कोकरू हरवत न्हाय, तो आज सांगतोय की हे हरवायला लागलंय. जळत आसंन मी. पर मोजायला तर चुकत न्हाय न्हवं?"

म्हाळसाबाईंच्या ओठांची किंचित हालचाल झाली. पण मामांनी मधेच हात वर केला. "देव अंगात हाय तवर मानूस उंबऱ्याबाहेर काढायचा न्हाय. देव स्वतः जातो म्हनंल तवाच. तुझ्या बापाच्या येळी बी हेच हुतं. वाजवा रे."

कोपऱ्यात ढोल घेऊन बसलेल्या दोघांनी टिपरू उचलले. पहिला ठोका पडला तसा बिरप्पा पाटावरून उसळला, भिंतीला पाठ घासत मागे सरकला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. "ब्रेक लागंना," तो ओरडला, "अरे ब्रेक लागंना." लोकांनी भंडारा उधळला. देव जागा झाला, असे कोणीसे म्हणाले.

त्या गलबल्यात वैजयंती ताट खाली ठेवून भीमाच्या बाजूला येऊन उभी राहिली होती. ती त्याच्याकडे न पाहता बोलली.

"अंग भाजतंय त्यांचं. मगाशी पाट सरकवताना हात लागला. कालपासनं पानी पोटात ठरंना." ती थांबली. "पहाटं मला म्हणले, पोरीला उचल, मुंग्या लागल्यात तिला. राजनंदिनी तर पुण्याला हॉस्टेलला हाय, भावजी."

"चमचाभर पाजलीस का? दारू?"

"न्हाय. पाजू का? कुनाला सांगत न्हाय मी."

"अजिबात नको. शुद्ध न्हाय त्याला, छातीत जाईल. डॉक्टरच पायजे."

"मग न्या. कसं बी करून न्या."

कसे, हे भीमाला त्या क्षणी कळले, आणि कळल्याबरोबर त्याच्या साऱ्या अंगाने नकार दिला. उंबरा ओलांडायला देवाची आज्ञा हवी होती. देवाला विचारायचे तर पाया पडावे लागणार होते. समोर देव नाही हे या खोलीत एकटा भीमा जाणत होता. मामा पडले तर ती भक्ती होती. भीमाने पडणे हे शुद्ध खोटे होते, आणि तेही देवाच्या नावाने, आप्पांच्या घोंगडीसमोर. पन्नास वर्षांत त्याने बिरोबाशी एकदाही लबाडी केली नव्हती. त्याच्यापाशी दुसरे होते तरी काय? देवाने धरले नाही, आप्पांनी कडेवर घेतले नाही. आपण चोख आहोत एवढी एकच पुंजी त्याने जमवली होती. ती आता बिरप्पाच्या पायांवर ठेवायची होती.

तो उठला. ढोलांपुढून चालत गेला. त्याला येताना पाहून ढोल आपोआप थांबले, कारण भीमा काय करणार याचा अंदाज कोणालाच नव्हता. त्याने भावापुढे गुडघे टेकले आणि कपाळ त्याच्या पायांवर ठेवले. पाय घामाने ओले होते आणि तळव्यांपर्यंत कापत होते.

"देवा," भीमा सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माल भरून तयार हाय. गाडी काढू का?"

बिरप्पाने तोंडावरचे हात काढले. तो कितीतरी वेळ खाली पाहत राहिला. त्याच्या पायांवर ठेवलेल्या, मागून विरळ झालेल्या पांढऱ्या डोक्याकडे. मग त्याने ओठ ओले केले.

"काढ," तो म्हणाला. "उशीर झालाय."

भीमाने मान वर केली. "मामा, देवाची आज्ञा झाली. पिकअपची किल्ली काढा."

मामांनी भीमाच्या डोळ्यांत पाहिले. त्यांना सारे कळले असावे. जन्मभर भावकीचे तंटे तोडणारा माणूस एवढा भोळा नसतो. पण भावकीसमोर देवाचा शब्द खाली टाकण्याची सोय त्यांनी स्वतःच ठेवलेली नव्हती. ते कनवटीतली किल्ली चाचपत उठले.

सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी बिरप्पाला झटका आला. दात आवळले, डोळे फिरले, सारे शरीर ताठ होऊन हादरू लागले. मामांनी हुंगवायला चप्पल काढली. भीमाने तो हात बाजूला सारला, भावाला कुशीवर वळवले आणि डोक्याखाली आप्पांची घोंगडी सरकवली. तोंडातला फेस तिच्यावर सांडत होता. भीमाने तो पाहिला, आणि घोंगडी तशीच राहू दिली.

"किती वर्षं घेत होते? शेवटचं कधी घेतलं?" आत डॉक्टरबाईंनी विचारले. तिशीतली, झोप न झालेली मुलगी होती.

"अठरा वर्षं, रोज. शेवटचं रविवारी, दुपारी दोन वाजता," भीमा म्हणाला. तासासकट ते त्यालाच ठाऊक होते. धाकट्याच्या पिण्याचा हिशेब त्याच्याइतका कोणी ठेवला नव्हता.

"हे नीट सांगितलंत ते बरं झालं." बाईंनी सलाईन, इंजेक्शन भराभर सांगितले आणि मग त्या सर्वांकडे वळल्या. "दारू सोडली हे चांगलंच. पण रोज पिणाऱ्यानं अशी एका दिवसात, घरच्या घरी सोडायची नसते. आधी डॉक्टरला दाखवायचं. आम्ही काही दिवस औषध देतो, ते हळूहळू कमी करतो, माणूस नजरेखाली ठेवतो. हात कापणं, घाम, भास, ताप, झटका, यातलं काहीही दिसलं तर एक तासही घालवायचा नाही. तुम्ही संध्याकाळपर्यंत थांबला असतात, तर मला काही करता आलं असतं असं मी सांगू शकत नाही."

म्हाळसाबाईंनी पदर सावरला. "बाई, भंडारा उचललाय त्यानं. तुमच्या औषधानं शपथ मोडंल का?"

"आजी, औषध म्हणजे दारू नाही. त्यांची शपथ टिकावी म्हणूनच देतेय."

पहिले दोन दिवस बिरप्पाचे हात खाटेला बांधून ठेवावे लागले. तिसऱ्या दिवशी त्याने वैजयंतीला ओळखले. चौथ्या दिवशी भीमा आला तेव्हा वॉर्डाच्या व्हरांड्यात म्हाळसाबाई दुधनीहून आलेल्या नातेवाइकांना सांगत होत्या, "देवानं स्वतः गाडी काढायला लावली. माझ्या बिरूच्या तोंडानं बोलला. न्हायतर आमी कुटं हलवनार हुतो?" नातेवाईक माना डोलवत होते. भीमाचे नाव त्या कथेत कोठेही नव्हते. तो क्षणभर थांबला. ओळखीची कळ छातीत उठली, तिने नेहमीची फेरी पूर्ण केली, आणि ती विरेपर्यंत तो व्हरांड्याचे गज धरून उभा राहिला. मग आत गेला.

बिरप्पा उशीला टेकून बसला होता. भीमाने चहाचा ग्लास अर्धाच भरून त्याला दिला. हात अजून हलत होते, पण चहा सांडला नाही.

"आव्वा म्हणती, देव आला हुता," बिरप्पा म्हणाला. "खरं का, दादा?"

हे उत्तर भीमाने चार दिवस मनात तासून ठेवले होते. आता ते देताना त्यात गोडी उरली नव्हती. "न्हाय. आजार हुता. पुन्हा कधी घसरलास आणि सोडायची ठरवलीस, तर आधी हितं यायचं. भंडारा मागनं."

बिरप्पाने मान हलवली.

"मला त्यातलं काय आठवत न्हाय. एकच आठवतंय. तू माझ्या पाया पडलास."

भीमाने त्याच्या पायांवरची चादर सरळ केली.

"समदी पडत हुती, मला वाटलं आसंन काय तरी. मग तू पडलास." बिरप्पाने ग्लास दोन्ही हातांनी धरला. "खरा देव आला आसता तरी तू माझ्या पाया पडला नसतास, दादा. तवा मला कळलं, की मी मरायला लागलोय. म्हनून म्हटलं, काढ गाडी."